डोळस टिटवी

समोरच्या माणसाने तिचा पत्त्यांचा गठ्ठा आपल्याकडे ओढला, रीतीप्रमाणे मधोमध कापला, आणि कापता कापता, शर्टाची बाही सारखी करावी इतक्या सहज, ओठांतल्या ओठांत म्हणाला, “वर आभाळ, खाली माती, मधलं पान माझ्या हाती.” मग गठ्ठ्यावर दोन बोटांनी टकटक करून त्याने तो तिच्यापुढे सरकवला. तिने हात पुढे केलाच नाही. सभागृहातला सगळा आवाज, खुर्च्यांची खरखर, पोरांचं खिदळणं, कोपऱ्यातल्या मशीनमधून कागदी पेल्यात पडणाऱ्या चहाची धार, हे सगळं विहिरीत घागर बुडावी तसं बुडबुड करून खाली गेलं आणि वर नुसतं पाणी राहिलं. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. पुढचा दात बसवलेला होता, आणि बसवणाऱ्याने रंग चुकवला होता. शेजारच्या दातांपेक्षा तो एक छटा पांढरा. दातांच्या लॅबमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला माणसाचे डोळे मागाहून दिसतात, दात आधी. पण आज तो दात तिने बघितला तो नुसता टेकायला काहीतरी हवं म्हणून, जिन्यात तोल गेला की कठड्याला धरतात तसा.

कारण ती ओळ कुठल्या पुस्तकातली नव्हती. कुठल्या आजीने जात्यावर म्हटलेली नव्हती, शाळेत शिकवलेली नव्हती. ती तिनेच रचली होती, परकर-पोलक्याच्या वयात, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून, कारण धाकट्या भावाच्या, बारक्याच्या मुठीत पत्त्यांचा गठ्ठा मावत नव्हता आणि गठ्ठा सांडला की तो भोकाड पसरत होता. आई कामावर. दाराला बाहेरून कडी नको म्हणून दोघांनी जिन्यात बसायचं, असा करार. “रडू नकोस रे, हे बघ, वरचा ढीग आभाळ, खालचा ढीग माती, आता मधलं पान कुणाच्या हाती?” असं काहीतरी तिने म्हटलं आणि तो रडायचा थांबला. मग ती ओळ घासून घासून गुळगुळीत झाली, नदीतल्या गोट्यासारखी. भाऊ मोठा झाला, सुटला, टक्कल पडलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला, तरी दर रविवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गठ्ठा कापताना तेच म्हणायचा, आणि दोन बोटांनी टकटक. जगात दोन तोंडांना ही ओळ ठाऊक होती. त्यातलं एक तोंड बंद होऊन वर्ष झालं होतं.

“चहाला जायचं का?” समोरचा म्हणाला.

या खेळाडूंमध्ये चहाला जायचं का याचा अर्थ चहा नव्हता, हे तिला सकाळीच शेजारच्या टेबलावरच्या एका पोरीने समजावलं होतं. “मावशी, शेवटच्या फेरीत दोघांचेही गुण भरपूर असले ना, की न खेळताच बरोबरी लिहून द्यायची. दोघंही पहिल्या आठांत. त्याला आम्ही चहाला जाणं म्हणतो. पंच पण काही बोलत नाहीत.” इथे सगळे तिला मावशीच म्हणत होते. आपापला गठ्ठा घेऊन आलेल्या, पाठीवर पिशव्या लटकवलेल्या या पोरांमध्ये केस पिकलेली ती एकटीच, निघताना नवऱ्यानेही टोमणा मारलाच होता, “पोराटोरांत जाऊन पत्ते कुटणार म्हणे! हरलीस तर रडत येऊ नकोस,” आणि टोमणा मारता मारताच तिची पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली होती. ती हरली नव्हती. सकाळपासून एकामागून एक पोरं तिच्यासमोर हसत बसली आणि डोकं खाजवत उठली. पहिले आठ म्हणजे पुढच्या महिन्यात मोठ्या शहरातला मोठा सामना, आणि बारक्याचं एकच टुमणं असायचं, “तायडे, तू एकदा त्या आठांत बस. मी मागं उभा राहून शेंगा खातो.” तेवढ्यासाठी तर ती आली होती. आता हो म्हटलं की झालं. सही करायची, चहा प्यायचा, घरी जायचं.

“खेळू या,” ती म्हणाली. आवाज आपलाच आहे का हे तिला कळेना.

त्या माणसाचा चेहरा पडला. पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं. बोटं अशी स्वच्छ की सारखी धुवावी लागत असणार. “तुमची मर्जी. मला वाटलं, दोघांचं भलं होईल.” त्याने आपली पानं उचलली. तिनेही उचलली. हाताला ती लागलीच नाहीत. बोटांवर मेण वाळल्यासारखं झालं होतं. असं एकदाच झालं होतं. त्या दिवशी खरोखरच मेण होतं. एका म्हातारबाबांची कवळी लावायला घेतली होती, वरच्या ओळीतला सुळा मेणात बसवत होती, आणि फोन वाजला. तुम्ही त्यांच्या कोण? बहीण. तिने फोन खांद्यात धरला आणि सुळा सरळ केला, कारण मेण गार झालं की दात वाकडा तो वाकडाच राहतो. पडला का, असं तिने विचारलं. लिफ्टवाल्याची बहीण, तिच्या मनात कायम खोल बोगदा असायचा, अंधारा, तळाशी तेलाचा वास; तिच्या सगळ्या भीत्या त्या बोगद्यात राहायच्या. कितव्या मजल्यावरून पडला? तो पलीकडचा आवाज म्हणाला, नाही हो, पडले नाहीत. वरच्या मशीनच्या खोलीत बसलेलेच होते. बसलेलेच. या एका शब्दापाशी ती अडकली होती, मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तशी. पडला असता तर पडला म्हणून रडता आलं असतं. बसलेल्या माणसासाठी कसं रडायचं? बसलेला माणूस उठतो. घरी आलेल्या गेलेल्यांना तिने सगळं नीट सांगितलं, चहा केला, पाहुण्यांच्या चपला एका रांगेत लावल्या, आणि डोळ्यांतून टिपूस नाही. जाऊबाई म्हणाली, हिचं काळीज प्लास्टरचं आहे, साच्यातनं काढलेलं. कुणी नव्याने विचारलं, भाऊ कसा आहे, तर ती म्हणायची, हल्ली येत नाही. खोटं कुठं होतं?

खेळ चालू झाला होता. खेळ तसा सोपा. आधी विहिरींची पानं मांडायची, विहिरी जितक्या तितकं पाणी, आणि पाणी पाजून पाखरं-जनावरं मैदानात उतरवायची; ज्याची सेना समोरच्याच्या वेशीपर्यंत पोचली तो जिंकला. तिने विहीर मांडली, कोल्हा उतरवला. त्याने विहीर मांडली. मग पुन्हा विहीर. विहिरीच मांडतोय नुसता. तिची बोटं आपोआप चालत होती, रोज शेकडो दात लावणारी बोटं, त्यांना मालकिणीची गरज लागत नाही. वरून पडणाऱ्या पांढऱ्या दिव्याच्या उजेडात पानांवरची प्लास्टिकची वेष्टणं चमकत होती. जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा आखलेल्या. तिच्या खुर्चीचे दोन पाय रेघेच्या आत, दोन बाहेर. तिला वाटलं, विचारावं. आणि लगेच वाटलं, विचारलं की उत्तर येईल. उत्तर आलं की ते घरी न्यावं लागेल.

“ते तुम्ही म्हणालात ना,” ती म्हणाली, “कापताना. कुठलं ते?”

“ते होय!” माणूस ओशाळून हसला, तो पांढरा दात पुढे आला. “सवय लागलीय हो. आमच्या मिस्त्रीचं आहे ते.”

“मिस्त्री?”

“लिफ्टवाला. माझं औषधांचं दुकान आहे, तळमजल्यावर. वर गोदाम. एकदा गोळ्यांची खोकी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, हा आत काहीतरी तपासत होता, आणि ती बया मध्येच बंद पडली. मी घाबरलो. मला बंद जागेचं भारी भ्या. हा म्हणतो, साहेब, बसा खाली, आणि खिशातनं काढला पत्त्यांचा गठ्ठा. पान्हा नाही, पेचकस नाही, गठ्ठा! म्हणतो, एक डाव झाल्याशिवाय ही हलायची नाही. तिथंच फरशीवर खेळ शिकवला मला. डाव संपला, उठला, कुठंतरी एक तार दाबली, लिफ्ट सुरू. आता बोला!” त्याने पान उचललं, बघितलं, हातात खोचलं. “मग दर बुधवारी यायचा, तपासणीच्या नावाखाली. दुकानाच्या मागं, खोक्यांवर फळी टाकून. माझी बायको म्हणायची, तुमची लिफ्ट आजारी आहे की तुम्ही? पाच वर्षं चाललं असेल.”

बुधवार. बुधवारी तो पोहायला जायचा. तिला म्हणायचा, डॉक्टरने सांगितलंय तायडे, पोट कमी कर. आणि तिने त्याला टॉवेल घेऊन दिला होता, निळा, मोठा. दर बुधवारी संध्याकाळी फोन करून ती विचारायची, गेलास का रे? गेलो होतो की. पाणी गार होतं का? गार होतं. पाच वर्षं तो टॉवेल कोरडाच राहिला असणार. त्याच्या खोलीतलं सामान आवरताना घडीवरची दुकानातली चिठ्ठीही तशीच दिसली होती. तिला वाटलं, बिचारा जपून वापरायचा. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. भाऊ म्हणजे काय मोठंसं कोडं होतं तिच्यासाठी? त्याचा दुधाचा दातसुद्धा तिने दोरा बांधून पाडलेला. त्याला भाजीत काय चालत नाही, त्याची कुठली बगल जास्त घामेजते, तो कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं तोंडपाठ. आणि या पाठांतराच्या पाठीमागे खोक्यांवर टाकलेली एक फळी होती, औषधांचा वास होता, एक मिस्त्री होता, ज्याला ती रस्त्यात ओळखूही शकली नसती.

“चांगला खेळायचा?” तिने विचारलं. हे का विचारलं कोण जाणे. तिला आतून हसू येत होतं, कारण बारक्या आणि चांगलं खेळणं! कच्चा लिंबू. रविवारच्या रविवार हरायचा, आणि हरला की बशीतलं शेवटचं बिस्कीट तिच्यापुढे सरकवायचा, “घे, महाराणी.”

“चांगला?” औषधवाला म्हणाला. “अहो, राक्षस होता. पाच वर्षांत मी त्याला एकदा हरवलं नाही. एकदा. शेवटी शेवटी मी चिडायला लागलो. शेवटच्या बुधवारी मी म्हटलंच, माणसानं कधीतरी हरावं की रे, यजमानाची लाज म्हणून तरी! तर हसला आणि गेला. तो परत आला नाही. दुसराच कुणी पोरगा यायला लागला तपासणीला. त्याला विचारलं, तर म्हणे मी नवीन आहे, मला माहीत नाही. रागावला बहुतेक. मी कधी घर विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही, गरजच लागली नाही कधी, बुधवार होता ना. म्हणून मी या सामन्यांना यायला लागलो. म्हटलं, एवढा खेळणारा माणूस, कुठंतरी टेबलाशी सापडेल.” त्याने मान वर करून सभागृहभर नजर फिरवली, आजही, या क्षणीही, दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांवरून. ती सवयीची नजर होती. पिकायला ठेवलेल्या आंब्याकडे बघावं तसं तो रोज दुकानाच्या दाराकडे बघत असणार.

राक्षस. तिने तो शब्द उचलून बारक्याच्या टकलावर ठेवून बघितला, टोपी बसेना. तिच्या मैदानात आता कोल्हा होता, दोन हरणं होती, वाघीण होती, सेना वेशीला भिडत आलेली. आणखी दोन हात, आणि डाव तिचा. तिला सकाळपासूनचे सगळे डाव आठवले, हसत बसलेली पोरं, डोकं खाजवत उठलेली पोरं; ते तरी खरे होते ना? की मावशी म्हणून, पिकले केस म्हणून? जिन्यातल्या पायरीपासून आजपर्यंत ती एका माणसाशी जिंकत आली होती, आणि जिंकण्याचा तो कणा धरून सरळ चालत आली होती. नोकरीत, सासरी, दवाखान्यांच्या दारांत. मला सगळं येत नसेल, पण हे येतं. आता तो कणा कुणी पाठीतून हळूच ओढून काढतंय, सुईतून दोरा काढावा तसा, आणि दुखत नाहीये. दुखत नाही हेच भयंकर.

“तो माझा भाऊ,” ती म्हणाली.

औषधवाल्याने पानं खाली केली. मग तोंडभर हसला, इतका, की तिला ते बघवेना. “म्हणजे तुम्ही ताई! रविवारवाल्या! अहो, मग आधी सांगायचं! म्हणून तर घाम फुटलाय मला मघापासून. तो म्हणायचा ना, तू मला काय हरवणार, मला हरवणारी जगात एकच आहे, घरी. तिच्यापुढं माझं काही चालत नाही. मी म्हटलं, आण एकदा दुकानात. तर म्हणे, छे, ती रविवारची आहे, तू बुधवारचा. कुठंय तो? आलाय? बाहेर उभा असेल, शेंगा खात. रागावलाय का हो अजून? त्याला म्हणावं, ये बाबा, हवं तर जन्मभर हरव.”

इथे ती म्हणू शकली असती, हल्ली येत नाही. जिभेवर तयारच होतं, वर्षभर वापरून मऊ झालेलं. पण समोरचा माणूस दाराकडे बघत होता.

“गेला तो,” ती म्हणाली.

“कुठं?”

“गेला. मागच्या वर्षी. कामावरच. हृदय बंद पडलं.” शब्द एकेक करून टेबलावर ठेवल्यासारखे पडले, आणि ठेवल्यावर तिने त्यांच्याकडे बघितलं. हे मी बोलले? “तुमच्यावर रागावला नव्हता. त्याला वेळच मिळाला नाही. गुरुवार होता.”

औषधवाल्याच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. हसू होतं तसंच राहिलं, मालक घर सोडून गेल्यावर दिवा जळत राहावा तसं. मग ते आपसूक विझलं. त्याने दोन पेनांवरून हात फिरवला, खिसा चाचपला, काहीतरी हरवलेलं शोधावं तसा. “गुरुवार,” तो म्हणाला. “म्हणजे मी बुधवारी... आदल्याच दिवशी मी त्याला...” तिला विलक्षण वाटलं ते हे, की आपल्याला वर्षापूर्वी जे व्हायला हवं होतं ते या परक्या माणसाला आत्ता, आपल्यासमोर होतंय, आणि आपण ते खिडकीतून बघावं तसं बघतोय. गळ्यात शिट्टी अडकवलेला पंच मागून गेला. “खेळा, मंडळी. थोडाच वेळ उरलाय. गप्पा मग मारा.” दोघांनीही शाळेतल्या पोरांसारखी माना खाली घातल्या.

“तुमची खेळी,” ती म्हणाली.

त्याने गठ्ठ्यावरून एक पान उचललं. बघितलं. त्याच्या भुवया किंचित वर गेल्या, आणि त्याने तिच्या सेनेकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पानाकडे. आणि मग त्याने ते पान हातातल्या पंख्याच्या उजव्या टोकाला खोचलं, क्षणभर थांबला, आणि अंगठ्याने हळूच तिथून काढून अगदी डाव्या टोकाला नेऊन ठेवलं. तान्ह्या मुलाला मध्ये झोपवतात, मग पडू नये म्हणून उचलून भिंतीकडे सरकवतात, तसं. “पाणी पुरत नाही,” तो पुटपुटला. “तुम्ही खेळा.”

तिचा हात हवेतच राहिला. उजवीकडून डावीकडे. अंगठा. भिंतीकडे. किती रविवार, किती दुपारी, खिडकीत वाळत घातलेली फडकी हलतायत, तिची सेना वेशीला भिडलीय, आणि टेबलापलीकडे बारक्याचा जाडा अंगठा एक पान उचलून डाव्या टोकाला नेतोय. “पाणी पुरेना गं तायडे. खेळ तू.” तिला वाटायचं पानं लावतोय, लावायची सवय असते एकेकाला. तिने आता टेबलाकडे पाहिलं, पहिल्यांदाच त्याच्या बाजूकडे. विहिरी. रांगेने विहिरी, काठोकाठ. पाणी पुरत नाही म्हणे! एवढ्या पाण्यात गाव पोहला असता. आणि बारक्याच्या बाजूलाही असायच्याच विहिरी, ती हसायची त्याला, “अरे, नुसत्या विहिरी काय खणतोस, माळी आहेस का?” आणि तोही हसायचा. असा गुदगुल्या केल्यासारखा, पोट हलवत हसायचा की तिला वाटायचं, केवढा भोळा आहे हा.

या माणसाला तिने एक बातमी दिली, आणि याने तिला डाव दिला. त्याला काय बातमी होती, बारक्याला, इतकी वर्षं? माझ्या तोंडावर काय दिसायचं त्याला दर रविवारी, की त्याचा अंगठा असा हलायचा?

“जे पान डावीकडं नेलंत,” ती म्हणाली, “ते टाका.”

“कुठलं? नाही हो, ते आपलं असंच...”

“टाका.”

“ताई, जाऊ द्या. तुम्ही आठांत जा. त्याची पण इच्छा असेल. मी पुढच्या वर्षी येईन.”

“पाणी आहे तुमच्याकडं. मला दिसतंय. टाका म्हणते ना!” शेवटचे शब्द मोठ्याने निघाले, शेजारच्या टेबलावरची पोरगी वळून बघायला लागली. औषधवाल्याने ओठ आवळले. मग त्याने सगळ्या विहिरी एकेक करून आडव्या केल्या, सगळं पाणी उपसलं, आणि डाव्या टोकाचं पान काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

टिटवी. आणि तिला हिरवा डोळा.

वर दिवे होते ते खाली आले की काय. तिने टेबलाची कड धरली. या पानाच्या छपाईत चूक झाली होती, एका खेपेच्या टिटव्यांना डोळाच आला नव्हता, आणि बारक्याने हिरव्या शाईच्या पेनाने तो दिला होता. ठिपका, भोवती कडं, आणि बाहेरच्या अंगाला एक उगीचच रेघ, काजळासारखी. तिच्याच टेबलावर, तिच्याच पेनाने. “जगात एकच आहे बघ अशी. डोळस टिटवी,” असं म्हणून त्याने त्यावर फुंकर मारली होती. आणि ती टिटवी तिने स्वतःच्या हाताने त्याच्या शर्टाच्या खिशात घातली होती, दवाखान्यात, त्याला न्यायच्या आधी. खिशाचं बटण लावलं होतं. बटण घट्ट होतं, काजात जाईना, तरी लावलं होतं. ते पान जळून गेलं. त्याच्याबरोबर धूर होऊन गेलं. ते आता इथे, प्लास्टिकच्या वेष्टणात, पांढऱ्या दिव्याखाली, तिच्याकडे एका डोळ्याने बघत होतं, आणि एका क्षणापुरतं, श्वास आत घेऊन बाहेर सोडीपर्यंत, तिला खात्री होती की बटण उघडलंय. बसलेला माणूस उठलाय. जिना उतरून येतोय.

“शेवटच्या बुधवारी दिली त्यानं,” औषधवाला सांगत होता, फार लांबून. “मी चिडलो ना, तर गठ्ठ्यातनं काढून दिली. म्हणाला, घे, ही ठेव, आणि हिच्या जोरावर मला हरव. दोनच आहेत म्हणाला अशा. एक घरी असते.”

दोन. ती त्या दोनकडे बघत राहिली. रविवारची एक आणि बुधवारची एक. रविवारची टिटवी तिने कधी मैदानात उतरलेली पाहिलीच नव्हती. सुंदर पण निकामी पान, उशिरा येणारं, त्याने हौसेने बाळगलेलं, असंच ती समजत आली. आता तिने वाकून, चष्मा वर करून, टिटवीच्या पायांखालची बारीक अक्षरं वाचली, जी ती कधीच नीट वाचायला थांबली नव्हती. टिटवी उतरली, की समोरच्याने मांडलेलं सगळं उचलून हातात घ्यावं.

“सगळं?” तिने विचारलं.

“सगळं, ताई.”

तिने कोल्हा उचलला. हरणं उचलली. वाघीण उचलली, मग विहिरी, पहिल्या हाताला खणलेली पहिली विहीरसुद्धा. पानं हातात मावेनात. एका हाताचा पंखा भरला, दुसऱ्या हाताची ओंजळ भरली, वरची पानं घसरायला लागली, तिने ती छातीशी धरली, हनुवटीने दाबली, तरी एक निसटलं, मग दुसरं, आणि बास्केटबॉलच्या रेघेवर एकामागून एक सांडत गेली, जिन्यात सांडायची तशी. पायरीवर एक मूठभर हाताचं पोर बसलेलं असतं आणि सांडलेल्या पानांकडे बघून आधी गप्प, नुसतं गप्प, आणि मग त्याचा खालचा ओठ हलायला लागतो. तो ओठ तिला आता आपल्याच तोंडात जाणवला. ती पहिल्यांदा रडली ते असं, मावशी म्हणणाऱ्या सगळ्या पोरांसमोर, तोंड झाकायला हात रिकामे नव्हते म्हणून उघड्या तोंडाने, आवाज करून. शेजारच्या टेबलावरची पोरगी उठून तिची पानं गोळा करायला लागली. औषधवाला खुर्चीत अवघडून बसला होता, रुमाल काढून तो कुणाला द्यावा हे न समजून स्वतःच्याच मुठीत चुरगाळत.

शिट्टी वाजली. पंच कागद घेऊन आला, दोघांकडे बघितलं, घुटमळला. “काय लिहू? बरोबरी?” त्याने हळूच विचारलं. “चालेल ना, मंडळी? वेळ झालीच आहे. दोघंही जाल पुढं.”

“मी हरले,” ती म्हणाली. नाक ओढलं, मनगटाने डोळे पुसले आणि पुन्हा, नीट, जिभेवर शब्द घोळवून बघत म्हणाली, “लिहा. मी हरले. यांनी हरवलं.” शब्द अनोळखी होता, नव्या कवळीसारखा, पहिल्या दिवशी तोंडात परकीच वाटते, टोचते, आणि मग चावा जुळतो. तिने सही केली. पंच गेला. आठांची नावं चहानंतर पुकारणार होते. पोरं आरडाओरडा करत मशीनकडे पळाली, आणि मोठं सभागृह पाहता पाहता मोकळं झालं, नुसत्या टेबलांचं आणि रेघांचं.

औषधवाल्याने टिटवी वेष्टणासकट उचलली आणि तिच्यापुढे धरली. “ही तुमची.”

तिने ती हातात घेतली. हिरव्या डोळ्यावरून अंगठा फिरवला, बाहेरच्या अंगाच्या रेघेपर्यंत. मग ती त्याच्याच गठ्ठ्यात परत खोचली. “ही बुधवारची आहे,” ती म्हणाली. पोरीने गोळा करून दिलेली पानं तिने टेबलावर ठोकून सारखी केली, पिसली, पुन्हा पिसली, आणि गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.

“कापा.”

“आता? अहो, संपली ना फेरी.”

“फेरी संपली. माझा डाव कुठं झालाय अजून?” तिचा आवाज रडून जाड झाला होता. “आणि बारक्यासारखं खेळू नका माझ्याशी. मिस्त्रीसारखं खेळा.”

मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि गठ्ठ्यावर हात ठेवला. “वर आभाळ,” तो म्हणाला, आणि अर्धा ढीग उचलला. “खाली माती.” पुढे त्याला म्हणता येईना. ढीग हातात तसाच धरून तो थांबला, आणि टेबलापलीकडून ती वाट बघत राहिली, घाई नसलेल्या बाईसारखी, दोन बोटं टेबलावर टेकवून.